बाग आहे, फाईल नाही

पालिकेच्या उद्यान विभागात नोकरी करते असं सांगितलं की लोक म्हणायचे, "वा, मजा आहे तुमची! दिवसभर फुलंच फुलं." खरं सांगते, माझ्या टेबलावर फूल आलं ते थेट निवृत्तीच्या दिवशी, तेही प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या गुच्छात. तोवर माझ्या वाट्याला फुलांविषयीचे कागदच आले. मी उद्यान विभागाची जन माहिती अधिकारी होते.

पालिका कुठली, ते सांगत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरं एकमेकांना इतकी चिकटलेली आहेत की एकाच्या गटाराचं पाणी दुसऱ्याच्या हद्दीत जातं आणि त्याची तक्रार तिसऱ्याकडे येते. मी राहते शिरगावात, एवढं सांगायला हरकत नाही. पालिकेचं नाव घेतलं तर एका ठिकाणचे रागावतील आणि उरलेले दोन हसतील. न घेतलं तर तिन्हीकडचे म्हणतील, "हे आमचंच." ते बरं.

ज्यांचा या खात्याशी कधी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. माहितीच्या अधिकारात कोणीही उठून पालिकेला विचारू शकतो की अमुक बागेवर काय खर्च झाला, तमुक झाड कोणाच्या परवानगीने तोडलं, नदीकाठच्या हरित पट्ट्यात भिंत कशी उभी राहिली. अर्जावर तिकीट लावायचं आणि द्यायचा. तीस दिवसांत उत्तर देणं माझं काम. नाही दिलं तर दंड माझ्या पगारातून. त्यामुळे आमच्या ऑफिसात लोक देवाला जेवढे भीत, त्याहून जास्त या अर्जाला भीत. देवाला निदान आवक क्रमांक नसतो.

यात एक गोम आहे. अर्जदाराला आमच्याकडे जी माहिती कागदावर आहे तेवढीच मागता येते. "प्रत द्या" चालतं, "का?" चालत नाही. "झाड का तोडलंत?" याला मी उत्तर द्यायला बांधील नव्हते. "झाड तोडायच्या परवानगीची प्रत द्या," याला होते. आयुष्यभर मनात 'का' घेऊन फिरणाऱ्या माणसांना हे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

गिऱ्हाइकं एकेक भारी. उल्हासनगरचे एक सिंधी व्यापारी होते, हरेशभाई. बागांना खेळणी, माती, कुंड्या पुरवायचे. एकदा लाल मातीचं टेंडर त्यांच्या हातून गेलं. कायद्यात कामात वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागायची सोय आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं. आले. "मॅडमजी, कागज-बिगज नको. माती पाहिजे. आपल्या सही-शिक्क्याची." आता मातीवर शिक्का मारायचा कुठे? शेवटी कापडी पिशवीत माती भरली, तोंड शिवलं, लाख ओतली आणि लाखेवर पालिकेचा शिक्का उमटवला. हरेशभाईंनी पिशवी हातात घेऊन वजन केलं, वास घेतला आणि म्हणाले, "साईं, ये तो मेरा ही माल है." ज्याला टेंडर मिळालं होतं तो माती यांच्याकडूनच उचलत होता. पुढे अपील वगैरे काही नाही. पेढे मात्र आले, आणि ते मी परत पाठवले. पेढ्यांचा प्रमाणित नमुना कोणी मागितला असता तर काय करायचं?

अंबरनाथ पश्चिमेचे एक वडील आले होते. बागेतल्या कोपऱ्यातल्या बाकावर संध्याकाळी कोण कोण बसतं त्याची नोंद त्यांना हवी होती. कारण विचारायचा मला अधिकार नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच होतं. कॉलेजात जाणारी मुलगी होती. मी उत्तर दिलं, 'अशा प्रकारचा अभिलेख पालिका ठेवत नाही.' ते हातात उत्तर घेऊन कळवळून म्हणाले, "अहो, मग ठेवत जा ना!" मला हसूही आलं आणि त्यांची कीवही आली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट करंदीकर साहेबांच्या अर्जाची.

करंदीकर साहेब एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी पालिका घेतली. त्यांचे अर्ज वाचत राहावे असे. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा असा नियम आहे. साहेब बरोब्बर दीडशेवा शब्द 'धन्यवाद' येईल असा अर्ज बसवायचे. त्यांच्या घराजवळच्या बागेत एका बाकाचा पाय मोडला होता. तोंडी सांगून झालं, आम्ही "बघतो" म्हणालो. पुन्हा सांगून झालं, आम्ही पुन्हा "बघतो" म्हणालो. मग त्यांनी अर्ज ठोकला: सदर उद्यान मंजूर केल्याच्या ठरावाची प्रत, ठेकेदाराच्या कार्यादेशाची प्रत, बाकांच्या खरेदीची कागदपत्रं आणि देखभालीच्या नोंदी मिळाव्यात. धन्यवाद.

मी फाईल शोधायला घेतली. कपाटात नाही, रेकॉर्ड रूममध्ये नाही, लेखा विभागात नाही. बागांच्या नोंदवहीत त्या बागेचं नावच नाही. शेवटी आमच्या मुकादमांना बोलावलं. मुकादम म्हणजे माळ्यांचे वरचे. शहरातलं झाडन् झाड त्यांना ठाऊक.

"मुकादम, ही बाग बांधली कोणी?"

मुकादमांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, बांधली अशी नाय कोणी. झाली ती."

मग हळूहळू उलगडा झाला. जागा तशी पडीक. बिल्डिंगा झाल्यावर राडारोडा टाकायची. शेजारच्या चाळीतल्या बायजाबाईंनी तिथे टाकीच्या वाहत्या पाण्यावर अळू लावलं, मग कढीपत्ता, मग दोन शेवगे. ही सगळी शेतं एके काळी त्यांच्या सासरची. जमीन गेली तरी हात स्वस्थ बसेनात. सावली झाली तशा दुपारी बायका येऊन बसायला लागल्या. आमच्या गोडाऊनला जागा नव्हती, म्हणून मुकादमांनी दुसऱ्या बागांतून काढलेली जुनी बाकं तिथे 'तात्पुरती' ठेवली. सरकारी कामात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं. मागून घसरगुंडी आली, झोपाळे आले, पोटात कचरा घेणारा सिमेंटचा पेंग्विन आला. वनमहोत्सवात उरलेली रोपं टाकून द्यायची कशाला, म्हणून तीही तिथेच लागली. बाकांवर 'यांच्या सौजन्याने' म्हणून ज्या नगरसेवकांची नावं होती, त्यांतल्या एकाचाही तो वॉर्ड नव्हता. अशी ती आमच्या शहरातली सगळ्यात गजबजलेली बाग, आणि पालिकेला तिचा पत्ता नाही.

इथवर हसण्यावारी होतं. पण नियमाप्रमाणे अर्जाची एक प्रत मी नगररचना विभागाकडे पाठवली होती, जागेची माहिती त्यांच्याकडे असते म्हणून. तिथले सोनटक्के साहेब स्वतः चालत माझ्या टेबलाशी आले. हा माणूस लिफ्ट असताना कधी चालला नव्हता.

"मॅडम, सोन्यासारखी जागा शोधून दिलीत. नकाशात ती पार्किंगसाठी राखीव आहे. आम्ही विसरूनच गेलो होतो. तुम्ही उत्तर देऊन टाका, 'उद्यानाची नोंद नाही.' म्हणजे मला लगेच मोकळी करून घेता येईल."

 उत्तर तर तेच खरं होतं. खोटं लिहिणं शक्य नव्हतं, आणि खरं लिहिलं की त्या कागदाच्या जोरावर जेसीबी येणार होता.

करंदीकर साहेबांना मी चहाला बोलावलं. म्हटलं, "साहेब, तुम्हाला बाक हवंय की उत्तर?"

"दोन्ही. बाक मी तक्रारीत मागितलं होतं, तुम्ही दिलं नाहीत. उत्तर कायद्याने मागतोय."

"उत्तर दिलं तर बाक ठेवायला जागा उरणार नाही." मग मी सगळं सांगितलं.

साहेबांचा चहा निवला. म्हणाले, "मिसेस गेल्यापासून मी सकाळ तिथे काढतो हो. घरात बसवत नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथल्या तिथे त्यांनी अर्ज मागे घेतल्याचं पत्र लिहून दिलं. सोनटक्के साहेबांना ते दाखवलं तर म्हणाले, "घेऊ द्या मागे. जागा काय अर्जात होती? ती नकाशात आहे."

मुकादमांनी बातमी पोचवली असावी, चौथ्या दिवशी आमच्या दालनात बायकांचा घोळका शिरला. पुढे बायजाबाई, पदर खोचलेला. माझा शिपाई "मॅडम बिझी हैं, बाद में आओ" म्हणत राहिला आणि बाजूला झाला.

"कागदावर नाय म्हनून बाग नाय?" बायजाबाई टेबलावर हात टेकून म्हणाल्या. "गो बाय, माझ्या जल्माचा पन कागूद नाय. मंग मी नाय काय?"

 मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "मावशी, मी तुमच्या बाजूने बोलले तरी उपयोग नाही. तुम्हीच अर्ज करा."

"मना लिवता येतं कुठं?"

इथे कायद्यातली एक गंमत मला कामी आली. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलेला अर्ज लिहून देणं हे माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे. इतकी वर्षं ते कलम मी नुसतं वाचलं होतं. त्या दिवशी मी माझ्याच पालिकेविरुद्ध, माझ्याच हस्ताक्षरात, मलाच अर्ज लिहायला बसले. शिपायाने माझ्याकडे असं पाहिलं की बाईंना बरं वाटत नाही की काय.

"बोला मावशी."

"लिव. आमची बाग का मोडताय?"

"'का' नाही चालत."

"बरं. मंग आमी बसायचं कुठं?"

"'कुठं' पण नाही चालत. कागद मागा, नाहीतर पाहणी मागा. म्हणजे 'दाखवा' म्हणायचं. कायद्याने दाखवावं लागतं."

बायजाबाई विचारात पडल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "मंग असं लिव. तो सायेब सांगतो तिथं पार्किंग हाय. मना ती पार्किंग दाखव म्हनावं."

मी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिले. मग लिहिलं: 'सदर भूखंडावरील वाहनतळाची अधिकाऱ्यांसमक्ष प्रत्यक्ष पाहणी करून मिळावी.' त्यांच्या मागच्या प्रत्येक बाईचा तोच अर्ज. माझा हात दुखून आला, पण इतक्या आनंदाने मी कधी आवक शिक्के मारले नव्हते.

सोनटक्के साहेब चिडले, पण गेले. न जाऊन सांगतात कोणाला! मी होते, मुकादम होते. करंदीकर साहेब मोजपट्टी घेऊन आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बायका आधीच येऊन बसल्या होत्या. घसरगुंडीवर पोरांचा गलका, पेंग्विनच्या तोंडात कोणीतरी केळ्याचं साल कोंबत होतं.

"दाव सायेब," बायजाबाई म्हणाल्या. "पार्किंग."

सोनटक्के साहेबांनी नकाशा उघडला, आडवा धरला, उभा धरला. "म्हणजे... ही सगळी जागा."

"गाडी कंची नाय दिसत."

"होणार आहे, मावशी."

"होनार ती नगं. हाय ती दाव."

साहेबांनी नकाशाची घडी घातली. पाहणी झाली की जागेवरच टिपण लिहावं लागतं, आणि टिपणात दिसतं तेच लिहावं लागतं. पण मुरलेला माणूस. 'उद्यान' हा शब्द लिहीना. 'मोकळ्या जागेत विखुरलेले साहित्य आढळले' असं तोंडाने म्हणत, मांडीवर कागद घ्यायला ते जवळच्या बाकावर टेकले.

ते नेमकं करंदीकर साहेबांचं बाक. मोडक्या पायाचं. "अहो, तिथे नको," असं करंदीकर म्हणेपर्यंत बाक कलंडलं आणि सोनटक्के साहेब कागदासकट मागच्या अळवात गेले. पानं मोडली, चीक हाताला लागला. अळवाचा चीक लागला की काय खाजतं ते ज्याने भाजी चिरली त्यालाच ठाऊक. बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीने मात्र धावत जाऊन चिंचेचं पाणी आणलं, ते चोळून दिलं, हेही सांगायला हवं.

साहेब लालबुंद होऊन उठले. आमच्या पालिकेत माणूस घसरून पडला तर आधी हाड मोडलंय का हे बघत नाहीत, जबाबदारी कोणत्या विभागाची हे बघतात. ही आमची जुनी रीत. खाजवत खाजवत त्यांनी पेन उघडलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "बघतोच तुमच्या विभागाला! लेखी देतो." आणि टराटरा लिहिलं: 'सदर उद्यानाची देखभाल करण्यात उद्यान विभागाने अक्षम्य हलगर्जी केली असून, उद्यानातील बाके नादुरुस्त आहेत व अळू बेसुमार वाढले आहे. उद्यान विभागाकडून खुलासा घ्यावा.' खाली सही, हुद्दा, शिक्का.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. करंदीकर साहेबांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्यांचा चष्मा घसरला. नगररचना विभागाने, पार्किंगची पाहणी करून, ती जागा उद्यान असल्याचं आणि ते आमच्याच विभागाचं असल्याचं लेखी दिलं होतं.

"साहेब, आमची चूक झाली," मी लगेच म्हटलं. उभ्या नोकरीत ठपका इतका गोड लागला नव्हता. त्याच दिवशी खुलासा दिला: सदर उद्यानाच्या देखभालीत त्रुटी राहिल्याचे मान्य आहे, यापुढे नियमित देखभाल करू. सोनटक्के साहेबांना चूक कळेपर्यंत दोन्ही कागद मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचले होते. मागोमाग मुकादमांनी झाडं मोजून आणली. झाड तोडायचं तर परवानगी, नोटीस, हरकती, सुनावणी. समोर एवढ्या बायका हरकतीला बसलेल्या. सोनटक्के साहेब माझ्याकडे येऊन, हात अजून चोळत, म्हणाले, "राहू द्या मॅडम. ठेवा तुमची बाग." मुदतीच्या आत करंदीकर साहेबांना उत्तर गेलं, सोबत त्या टिपणाची प्रत. त्यांनी अर्ज मागे घेतला होता, तरी पाठवली.

पुढच्या सभेत बाग रीतसर मंजूर झाली. माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. मला वाटलं, चला, काहीतरी करून चालले.

पण नोंद झालेल्या वस्तूचं काय होतं ते मला ठाऊक असायला हवं होतं. मी निवृत्त झाले आणि बागेला कुंपण आलं. फाटक आलं. 'भाजीपाला लावण्यास मनाई आहे' अशी पाटी आली. वॉचमन आला आणि वॉचमनबरोबर कुलूप आलं. दुपारी बारा ते चार बाग बंद. आणि घरचं आवरून बायका येऊन बसायच्या त्या नेमक्या याच वेळात. करंदीकर साहेबांचा फोन यायचा, "त्या कुंपणाला टेकून रस्त्यावर बसतात हो." मला फार वाईट वाटायचं. बाग वाचवण्यासाठी मी तिला पालिकेच्या तोंडी दिली होती. निवृत्त बाईला कोण विचारतो? मीच आता अर्जदार व्हायचं ठरवलं आणि कागद बॅगेत घालून, आधी बायजाबाईंना विचारावं म्हणून, एका दुपारी बागेकडे गेले.

फाटक उघडं होतं. बायका आत, शेवग्याखाली. अळू पाटीच्या बरोबर पायथ्याशी तरारलेलं. आणि बाकावर वॉचमन मांडी घालून जेवत होता.

"हे कसं काय मावशी?"

"आगो, तो बिचारा जेवाया जायाचा घरी, म्हनून कुलूप लावायचा. हेंद्रेपाड्याला जाऊन-येऊन उन्हात मरत व्हता." बायजाबाईंनी त्याच्या ताटात आणखी भात आणि अळवाची भाजी वाढली. "मी त्याला सांगितला, हितंच जेव. कुलूप लावून काय करतंस?"

इतकं साधं. कोणी त्याला 'का' म्हणून विचारलंच नव्हतं. आमच्याकडे तो शब्द चालत नाही ना.

करंदीकर साहेब शेजारच्या बाकावर होते. त्या मोडक्या पायाखाली त्यांनी स्वतः विटा लावल्या होत्या. पालिकेचं नवीन बाक अजून टेंडरात आहे. मला पाहून ते खुलले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक शंका आहे. कामाच्या वेळेत, उद्यानाच्या आवारात, प्रतिबंधित भाजीचं जेवण. हे कोणत्या आदेशाने चाललंय, त्याची प्रत—" आणि हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

बायजाबाईंनी त्या हातात ताट दिलं. "सायेब, गपचूप जेव."

साहेब जेवले. मीही जेवले. बॅगेतला कागद बॅगेतच राहिला.